सत्कारात गेलेला पहिला अंक

लातूरकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट असलेला मृत्युंजय मॉरिशसच्या कारखान्यात नोकरीला गेला आणि तिथं नाटकाच्या नादी लागला. आधी मराठी मंडळाच्या एकांकिका बसवल्या, मग मोठी नाटकं, मग तिथल्या क्रियोल भाषेत दोन विनोदी सिनेमे. तिथं लोक भर बाजारात अडवून त्याला त्याच्याच सिनेमातले संवाद ऐकवायचे. इकडं लातुरात त्याची आई सिद्धम्मा शेजारणींना सांगायची, "कारखान्यातच हाय की." लेकाचं एकही काम तिनं पाहिलेलं नव्हतं.

म्हणून यंदा रजा काढून त्यानं इथल्या नटांना घेऊन मराठी फार्स बसवला. लातूरला हॉलची तारीख मिळेना, ती नांदेडला मिळाली. आईला गाडीनं आणून त्यानं पहिल्या रांगेत बसवलं.

सहाला पडदा उघडला, पण सत्कारासाठी. पाहुणे झाले, देणगीदार झाले, त्यांचे व्याही झाले. फेटा बांधणारा एकटाच, आणि ज्याच्या डोक्याला फेटा त्याला 'दोन शब्द' बोलायचेच होते.

मृत्युंजयनं विंगेत आयोजक मंडळाच्या सुदर्शनचा हात धरला. "सुदर्शन, आवरा ना! नऊला हॉल सोडायचाय."

"सर, देणगीदार शेषेरावकाका रुसले तर मंडळ मोडतंय आमचं. अन् तुमचा सत्कार तर राहिलाच की अजून!"

"मला नको."

"असं कसं? तुमच्यासाठीच तर समदं करून राहिलोय!"

त्याच्या डोक्यावर फेटा आणि खांद्यावर शाल चढली तेव्हा आठ वाजून गेले होते. पहिला अंक गाळावा लागला.

त्याच अंकात जावई सासऱ्याला भिऊन कपाटात लपतो. दुसऱ्या अंकात सासरा कपाटाला टेकून जावयाचे वाभाडे काढत असतो, आणि आतून शिंक येते. तालमीत इथं नटच हसून लोळायचे. आज शिंक आली आणि हॉल चिडीचूप. मागून कुणीतरी विचारलं, "आत कोण हाय रे?"

मृत्युंजयनं फेटा काढून खुर्चीवर आपटला.

परतताना गाडीत सिद्धम्मा म्हणाली, "शाल ऊबदार दिली बग. पर ते पोरगं कपाटात कशापायी बसलं होतं?"

"आधीपासून सांगावं लागंल, आई."

"सांग की."

तो सांगू लागला. वाटेतलं लोहा गाव यायच्या आत तिचा डोळा लागला. मृत्युंजय तरीही जावयाला कपाटात घातल्याशिवाय थांबला नाही.