तातडीची तीन विधेयकं

आमच्या कॉलेजच्या युवा संसदेत मला महासचिव केलं, कारण महासचिवाला सभागृहात बोलावं लागत नाही. राज्यशास्त्राच्या सरांनी भूमिका वाटताना माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू अध्यक्षांच्या पुढ्यात बसायचं. नियमांचं पुस्तक सांभाळायचं. अध्यक्ष अडले तर हळूच कानात सांगायचं. बस्स." मला इतकं हायसं वाटलं की हो म्हणायचंही राहून गेलं.

पुस्तक म्हणजे लोकसभेच्या कामकाजाचे नियम, सरांनी झेरॉक्स करून आणलेले, इंग्रजीत. वर्गात इंग्रजी माध्यमातून आलेली मी एकटीच. मी परळीहून रोज एसटीने अंबाजोगाईला यायचे. मराठी वाचायला मला अडचण नव्हती, पण बोलायला लागले की माझी वाक्यं पाठ्यपुस्तकातल्यासारखी यायची. पहिल्या वर्षी एकदा वर्गात उत्तर दिलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बातम्या लागल्या रे." त्यानंतर मी उत्तरं वहीतच लिहू लागले.

ते पुस्तक मी एसटीत वाचून काढलं. मला ते आवडलं. कोणी कधी उठायचं, कोणी कोणाला विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे सगळं आधीच ठरलेलं. घरीदारी असं असतं तर मलाही बोलणं जमलं असतं, असं वाटून गेलं.

माझ्या बाकावर बसणारी मुलगी आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. सगळे तिला ताईच म्हणत, प्राध्यापकसुद्धा कधीकधी चुकून. ती मेंढपाळाच्या घरची. गाव बालाघाटाच्या डोंगरातलं, पण दिवाळीनंतर घर कुलूपबंद. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे मेंढरं, आणि पावसाळ्यापर्यंत या शेतातून त्या शेतात. शाळेच्या पटावरून तिचं नाव दोनदा कमी झालेलं, म्हणून ती दोन वर्षं मागे होती. आता ती होस्टेलला राहत होती, पण चौथीतली धाकटी बहीण आईवडिलांबरोबर मेंढरांमागे होती, आणि गावच्या शाळेतून निरोप आला होता की मुलगी अशीच गैरहजर राहिली तर नाव कमी करावं लागेल.

ताईने युवा संसदेसाठी विधेयक लिहिलं ते याच गोष्टीवर. बिऱ्हाड जिथे थांबेल तिथल्या शाळेत मुलाने बसायचं, आणि मूळ शाळेने नाव काढायचं नाही. दीड पान. तिने त्याच्या प्रती हाताने लिहिल्या आणि अधिवेशनाच्या आठवडाभर आधी प्रत्येक सदस्याला दिल्या.

"एवढ्या प्रती हाताने?" मी विचारलं.

"मग काय. पाहुणे कोण येणारेत म्हाईत हाय ना तुला?"

पाहुणे होते शिक्षण विभागातले एक विस्तार अधिकारी. ताई त्यांच्या कचेरीत दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा बाकावर बसवून सोमवारी या म्हणून सांगितलं होतं.

"हितं ते खुर्चीवर बसतील आन् मी बोलंन," ती म्हणाली. "धा मिन्टं. उठून जाता यायचं न्हाई त्यान्ला."

अधिवेशन दीड तासाचं. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये कामकाज सल्लागार समिती बसली. पुस्तकात ही समिती कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा ते ठरवते. आमच्याकडे ते ठरवलं संसदीय कामकाज मंत्र्याने. हा तिसऱ्या वर्षाचा मुलगा. घरात राजकारण असल्यामुळे त्याला सभा कशी चालवतात हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने सरकारची तीन विधेयकं टेबलावर ठेवली, एक स्वतःचं आणि दोन इतर मंत्र्यांची. माजलगाव धरणाच्या पाण्याचं वाटप, परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेच्या ट्रकवर ताडपत्री बांधायची सक्ती, आणि परळी ते अंबाजोगाई जादा बस. तिन्ही त्याच दुपारी लिहिलेली, प्रती कुणालाच दिलेल्या नव्हत्या. कॉलेजच्या ऑफिसातून त्याने "तातडीचे" असा लाल शिक्का मागून आणला होता. तिन्हींवर तो मारला. आवाज आवडला म्हणून हजेरीच्या कागदावरही एक मारला.

"ही तीन उद्याच मांडायची, उद्याच पास करायची," तो म्हणाला. "ताईचं खासगी विधेयक. ते समितीकडं पाठवू."

"कोणत्या समितीकडं?" ताईने विचारलं.

"हाय की समिती. चर्चा करंल."

"आरं पण संसद एकच दिवस हाय. समिती कवा बसायची, सुट्टीत?"

सगळे हसले. मंत्रीही हसला. "ताई, नियमानं चाललंय सगळं. तातडीचं आधी आसतंय. ईचार की मॅडमला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. विधेयकाची प्रत सदस्यांना दोन दिवस आधी मिळायला हवी. तशी मिळाली नसेल आणि तरीही घाईने मांडायचं असेल, तर घाई का, हे मंत्र्याने लेखी सांगायला हवं. हे मी दोनच दिवसांपूर्वी एसटीत वाचलं होतं, पेन्सिलने खूणही केली होती. मी चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मंत्र्याने क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाला, "बघा. मॅडमचीबी हरकत न्हाई."

होस्टेलच्या रस्त्याला लागल्यावर मी ताईला तो नियम सांगितला. ती थांबलीच.

"तुला हे तितं म्हाईत व्हतं?"

मी मान हलवली.

"मग कावून गप ऱ्हायलीस गं?"

मी म्हणाले, "महासचिव बोलत नाही. फक्त अध्यक्षांना सांगतो."

"कॅन्टीनमदी कुठला आलाय अध्यक्ष!" तिने एवढं बोलून तोंड फिरवलं. थोडं चालून गेल्यावर मात्र वळली. "बरं. उद्या मी उठंन. तू पुस्तक उघडून ठिव. तेवढं तरी करशील का?"

तेवढं मी करणार होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी ते पान उघडून त्यावर पट्टी ठेवली.

अध्यक्ष झालेला मुलगा केजकडच्या मोठ्या शेतकऱ्याचा. त्याला आवाजामुळे निवडलं होतं. एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक जाईल असा आवाज. त्याच्या हातोड्याच्या जागी कॅन्टीनमधला आलं ठेचायचा बत्ता होता. विस्तार अधिकारी पहिल्या रांगेत सरांशेजारी बसले होते, मांडीवर हार.

मंत्री पहिलं विधेयक मांडायला उठला आणि त्याच वेळी ताई उठली.

"अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा."

"काय हरकत?"

"या विधेयकाच्या प्रती आमाला मिळाल्या न्हाईत. दोन दिवस आधी द्यायला पायजेत. दिल्या न्हाईत तर घाई कावून हाय ते लिहून द्यायला पायजे. पुस्तकात हाय."

"अध्यक्ष महोदय," मंत्री म्हणाला, "ते पुस्तक दिल्लीचं हाय. आपली संसद अंबाजोगाईची हाय."

बाकं वाजली. अध्यक्षांनी बत्ता आपटला आणि माझ्याकडे वाकले. "काय म्हणतंय पुस्तक?"

मी कुजबुजले.

"आं?"

मी पुन्हा कुजबुजले. बाकांच्या आवाजात मलाच ऐकू आलं नसावं. अध्यक्ष सरळ झाले, स्वतःसमोरचा माईक उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "कानात न्हाई कळत मला. हितं सांगा."

मी सरांकडे पाहिलं. सर पाहुण्यांशी बोलत होते. ताईकडे पाहिलं. ती उभीच होती. मग मी पट्टी सरकवली आणि इंग्रजी वाक्य मराठीत करत वाचू लागले. "सदस्यांना विधेयकाची प्रत किमान दोन दिवस आधी—"

"बातम्या लागल्या!" मागून आवाज आला आणि सभागृह फुटलं.

मी थांबले. मी पुस्तक मिटलं असतं. पण अध्यक्षांचा बत्ता इतक्या जोरात आपटला की टेबलावरचं पाणी सांडलं. "बातम्याच हायत त्या! आपल्याच हायत! ऐका बे जरा!"

मी राहिलेलं वाक्य वाचलं. मग त्यापुढचं. कारण लेखी असावं, ते सदस्यांना आधी कळावं, आणि ते पटतं का हे अध्यक्षांनी पाहावं. शेवटच्या वाक्याला कुणी हसत नव्हतं. कारण चांगलं वाचलं हे नव्हे. आता पुढे काय होणार हे सगळ्यांना बघायचं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "तिन्ही मंत्री. पाच मिन्टं. घाई का, ते लिहा."

मी तिघांना कागद दिले. कामकाज मंत्री लिहिताना मान वर करून छताकडे बघत होता. पाच मिनिटांनी अध्यक्षांनी कागद वाचायला घेतले, सगळ्यात आधी त्याचाच, जादा बसचा.

"'प्रमुख पाहुण्यांना एक वाजता दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे असल्यामुळे.'"

पहिल्या रांगेतून विस्तार अधिकारी म्हणाले, "मला कुठंच जायचं न्हाई बाबा." तेव्हा सरसुद्धा हसले.

पाण्याचं विधेयक माजलगावच्या एका मुलीकडे होतं. तिचा कागद कोराच होता. ती उठून म्हणाली, "अध्यक्ष महोदय, धरण कुठं चाललंय का? मला तर यानं सांगितलं म्हणून मी घाईचं केलं. माझं पुढच्या वेळी घ्या. तवर आकडे तरी नीट काढते."

तिसरा कागद राखेच्या ट्रकचा, परळीच्याच एका मुलाचा. त्यावर चार ओळी होत्या. त्याच्या गल्लीतून ट्रक जातात, उघडे. आजीला दम्याचा त्रास. ती सकाळपासून दार लावून बसते. उन्हाळ्यात दार लावून कसं बसणार. अध्यक्षांनी हे मोठ्या आवाजात वाचलं नाही, नेहमीच्या आवाजात वाचलं. मग म्हणाले, "ही तातडी हाय." मला तो मुलगा रोज एसटीत दिसायचा. कधी बोललो नव्हतो.

ट्रकचं विधेयक अर्ध्या तासात पास झालं. जादा बस मागे पडली, खरं तर ती मलाही हवी होती. आणि ताईचं विधेयक, ज्याच्या प्रती सगळ्यांकडे आठवडाभर आधीपासून होत्या, चर्चेला आलं.

ताई भाषणासारखं बोलली नाही. एका वर्षात त्यांचं बिऱ्हाड कुठे कुठे थांबलं ते तिने सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी शाळा किती अंतरावर होती. बहुतेक ठिकाणी घंटा ऐकू यायची. "आमी घंटा ऐकायचो आन् मेंढरं वळायचो," ती म्हणाली. "शाळा लांब नव्हती. पटावर नाव नव्हतं, म्हणून आत घेत नव्हते. आन् आत गेलतो न्हाई म्हणून गावाकडचं नाव जायचं." मग बहिणीबद्दल सांगितलं.

"खासगी उदाहरण देऊ नये," मंत्री उठून म्हणाला.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "सगळी उदाहरणं कुणाच्यातरी घरचीच आसत्यात."

मतदानाला हात मीच मोजले. दोनदा मोजले. विधेयक दोन मतांनी पडलं. मी आकडा कागदावर लिहून अध्यक्षांकडे दिला तेव्हा ताईकडे पाहायची हिंमत झाली नाही. नंतर पायऱ्यांवर मंत्री तिला गाठून म्हणाला, "ताई, पक्षाचा व्हिप व्हता. मनातून न्हाई पाडलं."

"मनात ठिवून काय करू मी त्याचं? लोणचं घालू?" ताई म्हणाली. तोही हसला, पण कान लाल झाले होते.

तेवढ्यात विस्तार अधिकारी बाहेर आले. ते चहाकडे न जाता सरळ आमच्याकडे आले.

"तुझी बहीण आत्ता कुठंय?"

"केजच्या पुढं. एका मळ्यात बसलीत मेंढरं."

"असं नाव काढता येत नाही. उद्यापासून तिला जवळच्या शाळेत पाठवा. गावच्या शाळेशी मी बोलतो."

मला वाटलं ताई हात जोडेल. तिने म्हटलं, "साहेब, ल्हून द्या."

ते थोडे चपापले. सर मागेच उभे होते, त्यांनी घसा साफ केला. साहेबांनी खिशातला पेन काढला. कागद नव्हता. मी कामकाजाची यादी पुढे केली, पाठकोरी होती. त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली, खाली स्वतःचा फोन नंबर घातला. ताईने तिथेच फोटो काढून वडिलांच्या फोनवर पाठवला. वडिलांना वाचता येत नव्हतं, बहिणीला येत होतं.

पुढच्या आठवड्यात होस्टेलच्या ओट्यावर ताईने फोन स्पीकरवर टाकला. मागे मेंढरांचा आवाज, कुणीतरी कुत्र्याला ओरडत होतं.

"जातीस का शाळेत?"

"जाते. हितल्या बाई लई रागीट हायत."

"नाव घेतलं का?"

"घेतलं. पण यांचं पुस्तक लई पुढं गेलंय. भागाकार झालाबी. मला येत न्हाई."

"शीक मग."

"आन् बाई म्हनल्या, हलायच्या आधी सांगून जा. पुढच्या शाळेला चिठ्ठी देते म्हनल्या."

ताईने मला खूण केली. मी पिशवीतून वही काढली.

"आण्णाकडं दे फोन," ती म्हणाली. वडील आले तेव्हा तिने विचारलं, "आण्णा, हितून पुढं पावसापतुर कुठं कुठं थांबायचं? सगळी गावं सांगा. मैतरीण ल्हून घ्यायली."

ते सांगू लागले. गावांची नावं, मग कुणाच्या शेतात, मग किती दिवस. मी लिहीत गेले, प्रत्येक गावापुढे शाळेसाठी जागा सोडून. ते भरभर बोलत होते आणि मेंढरं मध्येच ओरडत होती. तिसरं गाव मला कळलं नाही. मी फोन माझ्याकडे ओढला.

"आण्णा," मी मोठ्याने म्हणाले, "ते तिसरं गाव पुन्हा सांगा. आणि जरा सावकाश."