एक परकी बाई पाहिजे

"आई, मी नाय जात सोमवारी. माझा पोरगा मलाच टाळतो. मानसीच्या वहीत लिवलंय तसं."

स्वयंपाकघरातून हे कानावर आलं तेव्हा मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते. बोलणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई, शुभावैनी. ऐकणाऱ्या सासूबाई. आणि मानसी म्हणजे मीच. लग्न होऊन एक महिना झालेली, त्यातले पंधरा दिवस रोह्याला माहेरी काढून आलेली, पेणजवळच्या या खाडीकाठच्या घरात साखरेचा डबा कुठला नि मिठाचा कुठला हेही अजून न कळलेली. पण तेवढ्यात एका बाईची नोकरी घालवण्याइतकी मजल मात्र मी मारली होती.

कशी, ते सांगते. हसायचं तर खुशाल हसा.

मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, घरूनच. लहान मुलाचा जीव माणसांशी कसा जडतो, यावर एक प्रात्यक्षिक लिहून द्यायचं होतं. ते तपासायची मानसशास्त्रज्ञांची एक जुनी पद्धत आहे. वर्षाचं मूल आईबरोबर खोलीत खेळत असतं. एक परकी बाई येते. थोड्या वेळानं आई उठून जाते, मग परत येते. सगळी गंमत त्या परत येण्यात आहे. मूल आईकडे झेपावतं का, कुशीत शिरून शांत होतं का, की बघूनही न बघितल्यासारखं करतं? काही मिनिटांत एवढासा जीव सांगून टाकतो की हे माणूस माझं कोण आहे. आणि देशोदेशी वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतो. जपानमध्ये म्हणे काही बाळं आई जाताच इतकी रडली की प्रयोग आवरता घ्यावा लागला, कारण तिथं आई त्यांना सोडून फारशी जातच नसे. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. ज्याला बोलता येत नाही त्याला हा प्रश्न असा विचारायचा, हे कुणाला सुचलं असेल?

मूल तर घरातच होतं. शुभावैनींचा सोन्या, एक वर्षाचा. वैनी हौसेनं तयार झाल्या. नागोठण्याकडे एका कंपनीच्या लॅबमध्ये त्या कामाला. बाळासाठी घेतलेली सुट्टी संपत आलेली, येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. अडलं होतं ते फक्त परक्या बाईपाशी.

"आई, एखादी परकी बाई मिळेल का?" मी सासूबाईंना विचारलं. महिन्याभरातलं माझं सगळ्यात लांब वाक्य.

"परकी? कशाला गो?"

"सोन्याजवळ बसायला. पाच मिनिटं."

सासूबाईंनी विचार केला. "लक्ष्मी चालंल? वरच्या आळीची. एकदम परकी."

लक्ष्मीकाकू आल्या. मी वही घेऊन दाराआड. वैनी उठून बाहेर गेल्या. सोन्यानं मान वर केली, काकूंकडे बघून खुदकन हसला, रांगत त्यांच्या मांडीवर चढला आणि हातपाय पसरून उताणा पडला. वैनी परत आल्या, "सोन्या, मी आले" म्हणाल्या. त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

परक्या बाईच्या मांडीवर उताणं पडणारं मूल माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं. मग मी काय केलं? वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आईला टाळणारं मूल'. आणि वही फ्रिजवर ठेवून जेवायला बसले. अशी मी विदुषी.

तर आता पडवीत मी ओला टॉवेल धरून उभी, आणि आत सासूबाई म्हणत होत्या, "वहीत लिवलं म्हंजे झालं व्हय? मी मिठागरावर जायची. तुजा नवरा अर्ध्या गावाच्या कडेवर वाढला."

"तवा घरात वही नव्हती आई."

वैनी ओटीवर गेल्यावर मी हळूच आत शिरले. "आई, लक्ष्मीकाकूंनी सोन्याला काल पहिल्यांदाच पाहिलं ना?"

"पयल्यांदा? पाच महिने रोज तेल लावून आंघोळ घातली तिनं त्याला. तिला बघितली की उताणाच पडतो तो."

"पण तुम्ही परकी म्हणालात."

"परकीच की. भावकीतली कुठं हाय ती?"

घ्या. माझ्या पुस्तकातली परकी म्हणजे बाळानं कधी न पाहिलेली. सासूबाईंची परकी म्हणजे भावकीबाहेरची. या दोघींच्या मधे माझी जाऊ नोकरी सोडायला निघाली होती.

ओटीवर गेले. वैनी सोन्याला मांडीवर घेऊन बसलेल्या.

"वैनी, ते वहीतलं..."

"बरोबर लिवलंयस. तुझा काय दोष गो." तेवढ्यात आत फोन वाजला. "धर जरा याला. कंपनीचा असंल. नाय येत म्हणून सांगून टाकते."

आणि सोन्या माझ्या हातात आला. इतके दिवस मी त्याला नुसती बघत होते. कडेवर असा कधी घेतलाच नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. मग जो टाहो फोडला, शेजारची दारं उघडली.

वैनी फोनसकट धावत आल्या. माझ्या हातातून तो जवळजवळ उडालाच. वैनींच्या गळ्यात पडला आणि रडणं अर्ध्या हुंदक्यावर थांबलं. एका मुठीत त्यांचा पदर, ओला गाल खांद्यावर, आणि एक डोळा माझ्यावर. मिनिटभरात खाली उतरला, कुणाची तरी चप्पल घेऊन खेळू लागला, मधेच येऊन वैनींच्या गुडघ्याला हात लावून पुन्हा चपलेकडे.

पुस्तकात होतं तसंच, ओळीनं. साऱ्या आळीच्या मांड्या ज्याला आपल्या, त्याला आपलं ठिकाण कुठलं हे इतकं नेमकं ठाऊक होतं, आणि ते त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

"काय गो, चिमटा काढलास?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

वैनींच्या हातातला फोन अजून चालूच होता. त्यातून कंपनीतल्या माणसाचा आवाज आला, "हॅलो मॅडम, सोमवारचं काय ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आवाज चढवून म्हणाले, "वैनी, येते म्हणून सांगा. माझी बाई चुकली. या घरात सोन्याला परकी बाई एकच आहे, आणि ती आत्ता त्याला कडेवर घेऊन उभी होती."