विसरलेल्या दिवसाचा अर्ज

“आठवत न्हाई ते दुखणं आपलं न्हाई,” असं म्हणत भाऊ पायातला काटा उपटून कुंपणापलीकडे टाकत. लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर ते राखणदार होते. जवळच्या औंढे गावात त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला गमतीनं काही सांगावं आणि त्यानं ते कामाचं समजून मनावर घ्यावं.

एका शनिवारी बंगल्यावरचे पाहुणे जेवताना वाद घालत होते. एक दिवस असह्य वेदना सोसायच्या. दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवणार नाही, अंगावर खूणही राहणार नाही. बदल्यात दहा लाख. कोण तयार होईल?

भाकरी वाढता वाढता भाऊ म्हणाले, “मी येतो. त्या दिवशीचं जेवण तुमचं का माझं?”

पाहुणे हसले. एकजण म्हणाला, “तुमचं नाव पक्कं.” भाऊंनी ते खरं धरलं. दारात बोअर घ्यायची, म्हणजे बायकोचं, आमच्या काकींचं, विहिरीवरून पाणी वाहणं थांबेल, एवढाच त्यांचा हिशेब.

काकींना ते पसंत नव्हतं. “तुमी इसराल. तुमचं वरडणं मी ऐकल्यालं आसंल, त्याचं काय?”

भाऊंनी यावर दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, “तू त्या दिवशी सोमाटण्याला जा. भावाकडं.”

महिने गेले, बोलावणं आलं नाही. एका सकाळी भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले.

“आरं, झालं आसंल ते.”

“काय झालं असेल?”

“दुखणं. मला काय आठवत न्हाई, अंगावं खूण न्हाई. समदं बोलल्यापरमाणं हाय. फकस्त पैसं ऱ्हायलं. तू अर्ज लिव्ह.”

मी घरातला पहिला बी.ए. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत दिवसभर माझ्यासोबत उभे होते ते भाऊच. नाही म्हणवेना. मी लिहिलं, ‘महोदय, ठरल्याप्रमाणे वेदना सोसल्या असून त्या मला आठवत नाहीत. तरी रक्कम मिळावी, ही विनंती.’ भाऊंनी सावकाश सही केली. पाहुण्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून अर्ज बंगल्यातल्या चमच्यांच्या खणात ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात टाकी धुताना भाऊ बंगल्याच्या गच्चीवरून पडले. कंबर मोडली, डोक्याला मार लागला. तळेगावच्या दवाखान्यात ते दोन दिवस ओरडत होते. बाहेरच्या बाकावर काकी आणि मी. काकी पाणी प्यायलाही उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर आले. त्यांना पडल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. काकींकडे बघत त्यांनी विचारलं, “तू कुटं व्हतीस?”

“सोमाटण्याला,” काकी म्हणाल्या.

“मग चालतंय.” नंतर माझ्याकडे वळून, “पैसं आलं का?”

त्यानंतर भाऊ तीन वर्षं काठी टेकत चालले. यंदा झोपेतच गेले. बोअर झाली नाही. दहाव्यानंतर काकींचा हंडा उचलून द्यायला मी विहिरीवर गेलो. राहवलं नाही, म्हणालो, “काकी, दवाखान्यातले ते दोन दिवस...”

काकींनी डोक्यावरची चुंबळ नीट केली.

“मला काय म्हाईत? मी सोमाटण्याला व्हते.”