खाऱ्या खवल्यांचं प्रकरण

"मीठ नाय लावनार तं काय साखर लावनार?" मासळीवाली मावशी ओरडली, आणि अर्नाळ्याच्या बाजारातली झाडून सगळी मांजरं उठून बसली. तिचा आवाज समोरच्या बेटावरच्या किल्ल्यावर आपटून परत येतो, तोवर तिचं पुढचं वाक्य तयार असतं. "आठ दिस तू गायब! वल्ले खवले तसेच ठेवले असते तं किडे पडले असते. तुजंच भलं केलं, नि मलाच इचारतेस?"

मी खवल्यांचा डबा छातीशी धरून उभी होते. गिऱ्हाइकं हातातली पापलेटं खाली ठेवून ऐकत होती.

प्रकरण असं. प्रयोगशाळेत मी गुडघ्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, वाढवायच्या खटपटीत असते. हाडातल्या मगजातून मूलपेशी घ्यायच्या, त्यांना बसायला एक मचाण द्यायचं, आणि त्यांची कूर्चा व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. तयार मचाण विकत मिळतं. पण मी राहते तुळिंजला, अर्नाळा काही फार लांब नाही, म्हणून मी ते माशाच्या खवल्यांचं करते. खवल्यातला कठीण भाग विरघळवून काढला, की कोलॅजेन या प्रथिनाचा पारदर्शक पापुद्रा उरतो. पेशींना तो गादीसारखा. आणि मावशीच्या जिताड्याचे खवले म्हणजे काय सांगू! एकदा त्यातला एक डोक्यावर धरून मी भर पावसात रिक्षा स्टँड गाठला होता. खोटं वाटत असेल तर रिक्षावाल्याला विचारा. तो सध्या गावी गेलाय.

तर मधे आठवडाभर मी परगावी होते. परत आले तेव्हा मावशीने भरलेला डबा हातात ठेवला. खवले स्वच्छ, ओले, चकचकीत. मी नेहमीसारखे धुतले, कठीण भाग काढला, त्यांवर पेशी सोडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या. आक्रसून मोहरीएवढ्या झाल्या होत्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी उबवणीच्या यंत्राला शिव्या दिल्या, पोषक द्रव बदलला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या अत्तरावरही संशय घेतला. एकाच दात्याच्या पेशींच्या तीन कुप्या होत्या, त्यांतली एकच उरली. आमचे सर शांतपणे म्हणाले, "ही गेली, की खवले बंद. विकतचं मचाण वापरायचं." सर शांत बोलतात तेव्हा फार वाईट असतं.

घरी फ्रीजमध्ये त्याच डब्यातले थोडे खवले पडले होते. ओट्यापाशी उभी राहून मी एक उचलला, आणि माझ्या सगळ्या पदव्यांना स्मरून त्याला जीभ लावली.

"घरात बोंबील आहेत गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "खवल्यांवर यायची वेळ नाही आली अजून."

खारट! असा खारट, की माझी जीभ आक्रसून मोहरीएवढी झाली.

डबा घेऊन बाजार गाठला, तेव्हा कळलं: मावशीने सुरमईला लावावं तसं खवल्यांना थराथराने मीठ लावून आठ दिवस मुरवलं होतं. वर मला बरं वाटावं म्हणून देताना पाण्यातून काढून चकचकीत केलं. माझ्या नेहमीच्या धुण्याने वरचं मीठ गेलं, आतलं राहिलं, आणि त्याने पेशींचं पाणी ओढून घेतलं.

पेशी मेल्याचं ऐकल्यावर मावशीचं ओरडणं थांबलं. "म्हंजे माज्या मिठानं मेलं ते?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. गिऱ्हाइकाने बोलून ठेवलेला जिताडा पुढे ओढला. "ताय, थांब जरा, आदी हिचं," म्हणत खवले काढले आणि थेट बर्फात घातले. गुडघे धरून उठली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा. पल."

शेवटची कुपी त्या खवल्यांवर गेली. पुढचे दहा दिवस मी यंत्राच्या काचेतून इतक्यांदा डोकावले, की काचेवर माझ्या नाकाचा ठसा कायमचा उमटलाय. पण पेशी चिकटल्या, पसरल्या, दुप्पट झाल्या. सरांनी बघितलं आणि "हं" म्हणाले. एवढं मोठं भाषण त्यांनी कधीच केलं नव्हतं.

मी मोबाइलवर फोटो घेऊन तशीच अर्नाळ्याला. "मावशी, बघ! तुझ्या जिताड्यावर जिवंत आहेत! यातून गुडघा होणार एक दिवस, माणसं नाचत जिने चढतील, तू किल्ल्यापर्यंत पोहत जाशील!"

मावशीने हात लुगड्याला पुसले, मोबाइल उन्हातून सावलीत धरला आणि बराच वेळ निरखला.

"बारीक हाय," ती म्हणाली. "मोठं झालं का आन."