एका इंचात पंचवीस

इंच म्हणजे म्हणे ओळीने मांडलेले जवाचे तीन दाणे आणि फूट म्हणजे कुणा राजाचं पाऊल. आमच्या रत्नागिरीत कुणी जव पेरला नाही, तो राजाही पाहिला नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पावलाने आम्ही घरं बांधली. इंचाचे आठ भाग करून प्रत्येकाला सूत म्हणायचं, एवढी भर आमच्या सुतारांनी घातली. माझ्या मामाने मला रंधा धरायला शिकवलं तेही इंच-सुतातच, आणि पुढे कतारला बोलावून आपल्याच वर्कशॉपमध्ये चिकटवलं.

मागच्या वर्षी नवा मॅनेजर आला, तो खुद्द इंग्लंडचा. आल्या आल्या त्याने भिंतीवर कागद लावला की यापुढे मापं फक्त मिलिमीटरमध्ये. हा गृहस्थ स्वतःची उंची फुटात सांगायचा आणि टीव्ही इंचात विकत घ्यायचा. ज्यांनी इंच जगाच्या गळ्यात मारला, त्यांनीच आता तो काढून ठेवायला सांगितला, आणि आम्ही 'येस सर' म्हणालो. प्लायवुडचा बोर्ड मात्र आठ फूट बाय चार फूट आणि जाडीला अठरा मिलिमीटर असाच येत राहिला. त्याला कुणी नोटीस दिली नाही.

मामाचं वय साठीच्या पुढे. त्याचा व्हिसा एकेक वर्षाने वाढायचा आणि त्यावर मॅनेजरची सही लागायची. मिलिमीटर येत नाहीत हे कळलं असतं तर मामा थेट गावाला गेला असता. म्हणून आम्ही जोडीने साइटवर जायचो. तो हळूच इंच सांगायचा, मी त्याचे मिलिमीटर करून कागदावर लिहायचो आणि खाली तो सही करायचा. मी आयटीआय पास, त्यामुळे गणिताचा भार अर्थातच माझ्यावर. एका इंचात पंचवीस पॉइंट चार. आता त्या पॉइंट चारचं काय करायचं? सोडून दिले. घरदार सोडून आलेल्या माणसाला पॉइंट चार कसले जड?

कपाटांचे कप्पे आणि खण यांत हे खपून गेलं. कुठे फट राहिली की मामा पट्टी मारायचा, लाकूड आकसलं असेल म्हणायचा, आणि मीही गंभीरपणे मान डोलवायचो.

मग अल गराफातल्या एका व्हिलाची बारा दारं आली. सात फुटांचे चौऱ्याऐंशी इंच, त्यांना पंचविसाने गुणलं, एकवीसशे. आकडा इतका गोंडस आला की मी स्वतःवर खूश झालो. दारं बसवायला नेली तेव्हा प्रत्येक दार एक इंच अडीच सूत तोकडं निघालं. एवढ्या फटीवर मारायला मामाकडेही पट्टी नव्हती.

मॅनेजरने मापाचा कागद मागवला आणि माप कुणी घेतलं ते विचारलं. अक्षर माझं होतं, सही मामाची. मी पुढे झालो, तेवढ्यात मामाने माझं मनगट धरलं आणि दुभाषाचं काम करणाऱ्या फोरमनला हिंदीत सांगितलं की माप त्याचं, चूकही त्याचीच. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "तू गप ऱ्हा. माझं खलास झालंय, तुझं अजून व्हायचंय."

आणि मी गप्प राहिलो. ते मला उत्तम जमलं. व्हिसावर सही झाली नाही, आणि पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने मला मापं घ्यायच्या कामावर नेमलं. माझ्या कागदांवरचे आकडे म्हणे नेहमी स्वच्छ असतात.

मामा निघाला त्या दुपारी मी त्याची बॅग बांधत होतो. तो पलंगावर बसला होता. म्हणाला, "एका इंचात नक्की किती, ते तरी सांग."

मी सांगितलं, पंचवीस पॉइंट चार.

"मग ते चार मला का नाय सांगितलंस? मी पाठ केलं असतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. ज्या माणसाने मला टेप वाचायला शिकवलं, त्याला एवढं जमणार नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला लाज वाटली, आणि मी बॅगेची चेन लावत राहिलो.