दादाचा उजवा हात

"आत्या, पापा नहीं रहे." फोनवर निहार एवढंच बोलला. लखनऊत वाढलेल्या माझ्या या भाच्याला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. त्या दुपारी माझा थोरला भाऊ, रेल्वेतला इंजिनियर, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये जेवायला बसता बसता हृदयविकाराने गेला.

काही वर्षांपूर्वी लखनऊजवळच्या चिनहटहून परतताना त्याची स्कूटर घसरली. उजव्या दंडाचं हाड मोडलं, त्यालगतची नसही चिरडली. हाड जुळलं, मनगट मात्र लोंबतच राहिलं, बोटं उघडेनात. नस जोडूनही उपयोग झाला नाही. शेजाऱ्यांची कुलपंसुद्धा दुरुस्त करून देणारा माणूस शर्टाच्या बटणांसाठी वहिनींपुढे उभा राहू लागला. डाव्या हाताने जेवताना कुणी पाहू नये म्हणून त्याने लोकांकडे जाणंच सोडलं. त्यातच साताऱ्यात आई गेली. अग्नी देताना "पापा, मैं पकड़ लेता हूँ," म्हणत निहारने त्याचं मनगट सावरलं. दादा रडला नाही. निघताना मला म्हणाला, "आईला शेवटचा नमस्कारसुद्धा नीट झाला नाही गं. तळवे जुळेनात."

परत गेल्यावर तो पुन्हा ऑपरेशनला तयार झाला. मनगट वाकवणारा धडधाकट स्नायुबंध काढून बोटं उघडणाऱ्या स्नायुबंधांना जोडायचा, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. प्लास्टर निघाल्यावर मी महिनाभर तिथे राहिले. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणायच्या, "भाईसाहब, कलाई मोड़ने की सोचिए, उँगलियाँ खुलेंगी." दादा डोळे मिटून, घामाघूम होऊन बसायचा. कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी बोटं किंचित उघडली... "उघडली गं," तो इतक्या हळू म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर ती पुन्हा मिटतील.

तो हात त्याला वर्षभरही वापरायला मिळाला नाही. एवढं सोसून मिळवलेला हात... माझा राग अजून जात नाही.

मागच्या आठवड्यात लखनऊला गेले. वहिनींनी चहा आणला. कप अर्धाच भरलेला होता. भरलेला कप दादाच्या हातात थरथरायचा, म्हणून त्या त्याला दोनदा अर्धा अर्धा द्यायच्या. माझा चहा संपला, तशा त्या काही न विचारता उठल्या आणि उरलेला अर्धा आणायला आत गेल्या.