लेकीच्या घरचं जवस

घरमालकांच्या हातात किल्ली द्यायच्या आधी आईने उमरेडचं ते भाड्याचं घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढलं. घरमालक म्हणाले, "वहिनी, राहू द्या, उद्यापासून रंगारी येणारच आहेत." आई ऐकेना. बाबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. मी एकुलती एक, नोकरी ठाण्यात, घर डोंबिवलीला कोपरमध्ये. आईला एकटं ठेवायचं नाही हे न बोलताच ठरलं होतं. सामान काही विकलं, काही वाटलं, उरलेलं बोचक्यांत बांधलं. शेजारच्या विमलकाकू रडतरडत म्हणाल्या, "आता तिकडंच राहाजो वो, लेकीजवळ." आई उलट त्यांच्याच पाठीवर हात फिरवत राहिली. मी दाराशी उभी राहून मोबाईलवर गाडी कुठवर आलीय ते बघत होते. मला काहीच होत नव्हतं. बाबा गेले तेव्हाही झालं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या माणसांचं काहीतरी चाललंय आणि आपण खिडकीतून बघतोय, इतपतच.

उमरेडच्या तुम्ही सगळ्या मैत्रिणी, आणि माझ्यासारख्या पुण्या-हैदराबादेला पांगलेल्याही, फोनवर विचारता, "आई रमली का?" मी दरवेळी "हो, रमली" म्हणून सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं काय होतं ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी उमरेड सोडलं ते आहारशास्त्र शिकायला. ठाण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी मी "मले नाई पाह्यजे" म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसून लोळल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण मी दिवाळीच्या आत "मले, तुले" सोडून दिलं. पुढे तर "मी गेलेले, मी बोललेले" असं अस्सल ठाणेकरणीसारखं बोलायला लागले. बोलीबरोबर जिनसांची नावंही बदलावी लागली. नौपाड्यातल्या एका दुकानाबाहेर पाटी होती, 'भाजलेली आळशी मिळेल'. मी आत जाऊन बघितलं, तर बरणीत आपलं जवस! आपल्याकडे जे भाकरीबरोबर गपागप खाल्लं, ज्याच्या तेलाचा वास शाळेच्या डब्याला येतो म्हणून मी रडायचे, ते इथे आळशी होऊन बरणीत बसलं होतं. आणखी काही वर्षांनी त्याचं फ्लॅक्स सीड्स झालं आणि भाव असा चढला की विचारू नका.

आता मी त्याच नौपाड्यात एका दवाखान्यात बसते आणि लोकांना बिया खायला सांगते. जवसात ओमेगा-थ्री असतं, तंतू असतात, पोट साफ राहतं, कोलेस्टेरॉलला थोडी मदत होते. पण अख्खं गिळाल तर आलं तसं निघून जाईल, म्हणून भाजा, कुटा, फ्रिजमध्ये ठेवा, वर भरपूर पाणी प्या. तिळात कॅल्शियम, हळिवात लोह, भोपळ्याच्या बियांत मॅग्नेशियम आणि झिंक. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बिया म्हणजे औषध नव्हे, गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे सगळं मी रोज इतक्या वेळा बोलते की बोलताना मनात भाजीचा विचार करता येतो. बाबांचे दिवस आटोपून परतल्यावर, पहिल्या दिवशीही मी हेच न अडखळता बोलले. समोरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही किती शांत आहात हो." मी थँक्यू म्हटलं.

तर आई कोपरला आली. माझा नवरा संदेश इथलाच, पाचव्या पिढीचा डोंबिवलीकर असल्याच्या थाटात वावरणारा, पण मनाने साखर. त्याने सासूबाईंना पहिल्याच सकाळी विचारलं, "आई, तुम्हाला काय खावंसं वाटतं? बिनधास्त सांगा." आई खूप आढेवेढे घेऊन म्हणाली, "कोहळं मिळालं तर बघा." आता आपल्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. पोरीच्या बारशाला ज्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, करतात ते. इथे कोहळा म्हणजे पांढरा, राखेचा हात फिरवल्यासारखा, जो लोक दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दाराला टांगतात. संदेशने बाजारात कोहळा मागितला तर भाजीवाल्याने विचारलं, "साहेब, दुकान काढलं काय? ओपनिंग कधी?" हा हसत हसत तो अगडबंब कोहळा खांद्यावर टाकून घरी आला.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा आई त्याची भाजी करून खात होती. मी म्हटलं, "अगं आई, तुला हे नको होतं ना?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेच म्हटलं होतं मी. छान आहे. जावईबापूंनी किती मनाने आणलं." संदेश खूश. मीही विषय सोडला. पण आई 'छान आहे' म्हणाली, 'मस्त हाय' नाही, हे माझ्या कानाला लागलं होतं. उमरेडला आयुष्य गेलं तिचं. घरी ती शुद्ध बोलायची ती फक्त शाळेतल्या बाई किंवा बँकेचे साहेब आले तर.

त्यानंतर आई शुद्धच बोलत राहिली. पुरे झालं. पोट भरलं. नको हो, खूप झालं. जेवायची म्हणजे अर्धी पोळी. सकाळी उठून अंथरुणाची घडी अशी घालायची की कुणी झोपलं होतं असं वाटू नये. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायची. महिन्या-दोन महिन्यांत तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "या वयात जोडीदार गेल्यावर होतं असं. पण वजन उतरणं आता थांबायला हवं." म्हणजे थांबलं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. असे पेशंट मी पाहिले आहेत. आधी भूक जाते, मग ताकद, मग एखादा साधा ताप पुरतो.

मग मी मला जे येतं ते केलं. आई जेमतेम चार घास खाते ना, तर त्या चार घासांत जमेल तेवढं भरायचं. कणकेत तीळ, दह्यात जवस, उपम्यावर भोपळ्याच्या बिया, खिरीत हळीव, आमटीवरही काहीबाही भुरभुरवलेलं. संदेश म्हणायचा, "अगं, आपल्याकडे चिमण्या यायला लागतील." आई सगळं चावायची, फार वेळ चावायची, आणि ताट बाजूला सारून म्हणायची, "छान झालंय." तिचं खाणं आणखी कमी झालं. मी बिया वाढवल्या.

एका रविवारी सकाळी बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई बेसिनपाशी कवळी धूत होती. कवळीला आतून तीळ चिकटले होते आणि ती ते काडीने एकेक काढत होती. मी म्हटलं, "तोंड उघड." तिने उघडलं. हिरड्यांवर लाल चट्टे, एके ठिकाणी चांगलं सोललेलं. अख्ख्या बिया कवळीखाली जात होत्या, आणि वजन उतरल्यामुळे कवळीही सैल झाली होती. प्रत्येक घास तिला टोचत होता.

"सांगितलं का नाहीस?"

"एवढं काही नाही गं. आणि लेकीच्या घरी बसून अन्नाला नावं ठेवू का मी?"

हे वाक्य ती अगदी साधेपणाने बोलली. तुम्हाला ठाऊकच आहे आपल्याकडची रीत. लेकीला मूल होईस्तोवर आईबापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा जपून. आता कोण पाळतं म्हणा. आईही मानत नाही असं मी धरून चालले होते. पण मला आणि संदेशला मूल नाही, होणारही नाही. म्हणजे ह्या हिशेबाने आईला माझ्या घरी कधीच पोटभर जेवता येणार नव्हतं. ती आमच्याकडे राहत नव्हती, पाहुणी आली होती आणि परत जायला तिला घर उरलेलं नव्हतं. मी तिच्या ओठाजवळची पाण्याची धार टॉवेलने पुसली. रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की दातांचे डॉक्टर रविवारी नसतात.

सोमवारी नौपाड्यात कवळी घासून, आतून भरून नीट बसवून घेतली. अख्ख्या बिया बंद केल्या. हिरड्या बऱ्या झाल्या. आईचं जेवण मात्र होतं तेवढंच. मी सांगून पाहिलं, हे तुझंच घर आहे. पण असं सांगून कधी होतं का? पाहुण्यांनाच सांगतात की आपलंच घर समजा. संदेशनेही हातपाय मारले. "आई, तुम्ही मला ओरडा, मला चालेल," म्हणाला. आई हसून म्हणाली, "तुम्हाला कशाला ओरडू? तुम्ही किती चांगले आहात." त्याचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या महिन्यात वजनाचा काटा आणखी खाली गेला. त्या संध्याकाळी मी जवसाची चटणी करायला घेतली. आशा म्हणून नव्हे. कुटलेलं जवस टोचत नाही आणि फ्रिजमध्ये पडून होतं, एवढंच. आईला बीपी, म्हणून मीठ नावाला. हिरड्या नुकत्याच बऱ्या झालेल्या, म्हणून तिखट चिमूटभर. लसूण वगळला. मिक्सरमध्ये फिरवलं, ज्वारीच्या भाकरी टाकल्या आणि तिघं जेवायला बसलो.

संदेशने चटणीवर तेल घालून घास घेतला. "मस्त झालीय," तो म्हणाला. तो आईच्या समोर प्रत्येक गोष्टीला मस्त म्हणतो, तिने चार घास जास्त खावे म्हणून. आईने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. थांबली. मी तिच्या 'छान आहे'ची वाट बघत पुढचा घास मोडला.

"काय वो हे?" आई म्हणाली.

मी वर पाहिलं.

"हे काय केलं तू? मीठ नाई, तिखट नाई, लसून नाई. जवस तं भाजलंच नाई पोरी, कच्चं कच्चं लागते. बिमार हाय का कोनी घरात?"

संदेशचा घास हातातच राहिला. आई मात्र आता थांबायला तयार नव्हती. "लोकाईले सांगत फिरते जवस खा, जवस खा, अन् सोताले एक चटनी येत नाई. तुये बाबा असते तं उठून गेले असते ताटावरून." आणि ती स्वतःच ताटावरून उठली. कुणाला न विचारता तिने ओट्याखालचं कपाट उघडलं, ते बंद केलं, दुसरं उघडलं, भांडी खडखडवली, आणि आतून ओरडली, "कढई कुठं ठेवली वो तुयी? घरात एक वस्तू जागेवर सापडत नाई."

मी जागेवरूनच सांगितलं कुठे आहे ते. सांगताना माझा आवाज फाटला आणि मग मला आवरेना. बाबांचं, उमरेडच्या घराचं, हॉस्टेलमध्ये टाकून दिलेल्या 'मले-तुले'चं, सगळं एकदम आलं आणि मी भाकरीच्या ताटावर वाकून हमसाहमशी रडले. संदेश घाबरून कुजबुजला, "अगं, आई रागावल्या का?" मी मान हलवून हो म्हटलं. स्वयंपाकघरात जवस तडतडायला लागलं होतं आणि खमंग वास सुटला होता. आईने लसणाच्या पाकळ्या किती टाकल्या ते मी बघितलं नाही. मीठ किती टाकलं तेही बघितलं नाही, आणि माझ्या धंद्यात हे बरोबर नाही.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं म्हणायचं. उमरेडचं तर गेलं, रंगसुद्धा दुसरा लागला असेल. कोपरच्या ह्या फ्लॅटला मी इतकी वर्षं पत्ता म्हणत आले, घर म्हणताना जीभ जरा अडखळायची. मला वाटतं, जिथे माणसाला जेवणाला नावं ठेवता येतात, ते घर. आई माझ्या घरी आली ती त्या संध्याकाळी.

चटणीची वाटी घेऊन ती परत येऊन बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "रडाले काय झालं? खाय." मग तिने एक भाकरी संपवली, दुसरी घेतली, बोटांनी तिची कड चाचपून पाहिली आणि संदेशला म्हणाली, "अन् भाकरी बी जाडच करते हे."